फीत

"समुद्र उघडा!" साहेब ऑफिसच्या दारातून ओरडले.

सांडपाण्याच्या केंद्रात असंच म्हणायची पद्धत होती. शहराचं घाण पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांत चढवायला जुना एकच पंप. त्याला झेपेनासं झालं, की दरवाजा उघडून पाणी आहे तसं खाडीवाटे समुद्रात सोडायचं. त्या दरवाजाचं लोखंडी चाक फिरवायचं काम चाकवाल्या बाईंचं. रोज सकाळी, शहर आंघोळीला लागलं की.

आज बाई जागच्या हलल्या नाहीत. चाक त्यांनी दांड्यावरून उतरवून जमिनीवर ठेवलं होतं आणि त्यावरच ऐसपैस बसल्या होत्या.

"ऐकू येत नाही का? पाणी चढतंय!"

"येतंय ऐकू. नवा पंप सुरू करा."

नवा पंप समोरच्याच खोलीत होता. बसवून, तारा जोडून, चालवून पाहिलेला. फक्त त्याच्या बटणावर लाल फीत गुंडाळली होती, कारण उद्घाटन मोठ्या साहेबांच्या हस्ते व्हायचं होतं आणि मोठ्या साहेबांना काही केल्या सवड होत नव्हती. आजचाही कार्यक्रम पुढे ढकलल्याचा फोन आत्ताच येऊन गेला होता. खोलीची किल्ली साहेबांच्या खिशात.

"पुढच्या आठवड्यात नक्की येतायत ते," साहेब जवळ येऊन गोडीत म्हणाले. "तोवर जरा सांभाळून घ्या."

"माझ्या भावाला सांगा सांभाळून घ्यायला. खाडीत जाळं टाकतो तो. कोपरापर्यंत हात फुटलेत त्याचे. काल जेवताना विचारत होता, ताई, हे पाणी सोडतं तरी कोण गं? तशीच उठले मी पानावरून."

बाईंना रडू येत नव्हतं. संताप येत होता, आणि किती दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं.

"नोकरी जाईल तुझी!" साहेब एकेरीवर आले.

"जाऊ दे. चाक मिळायचं नाही."

आता बसलेल्या बाईच्या खालचं चाक ओढायचं तरी कसं? साहेब दोनदा वाकले, दोनदा सरळ झाले.

तेवढ्यात आवारातल्या गटाराचं झाकण हललं आणि काळं पाणी बाहेर आलं. साहेबांच्या गाडीची चाकं भिजवून ते ऑफिसच्या पायऱ्यांकडे निघालं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"अहो बाई, ऑफिसात शिरेल हे!"

"शिरू दे की. आज समुद्र बंद आहे."

साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खिशात किल्ली चाचपत पंपाच्या खोलीकडे धूम ठोकली. उद्घाटनाची चकचकीत कात्री ऑफिसच्या कपाटात होती आणि मधे ते पाणी. फितीची गाठ घट्ट, बोटं घामेजलेली. उघड्या दारातून बाईंना सगळं दिसत होतं. साहेब बटणाशी वाकले आणि फीत त्यांनी दातांनी तोडली.

पंप घुमू लागला. आवारातलं पाणी पायरीशी येऊन थांबलं, मग हळूहळू मागे सरकलं.

बाई चाकावरून उठल्या नाहीत. बसल्या जागीच त्यांनी टाळ्या वाजवल्या, उद्घाटनाला वाजवतात तशा, मोजून मापून.