उष्टी पेज

बुधाजीने पेजेचा वाडगा तोंडाला लावला, फुर्र करून घोट ओढला, मिशीतला शेंबूड बाहीला पुसला आणि तोच वाडगा नातीपुढे धरला.

प्राप्तीने आईकडे बघितलं. वाडग्याच्या कडेला आजोबाच्या लाळेची तार लोंबत होती. नूतनने लेकीला मागे ओढलं.

"बाबा, ताप हाय तुम्हाला. तिला नको," ती म्हणाली.

म्हातारा नुसता हसला. साथीच्या तापाने तो आजवर कधी आडवा पडला नव्हता. गेल्या वर्षी अख्खं घर फ्लूने लोळत होतं आणि हा दुसऱ्याच सकाळी रेवसच्या धक्क्यावर बोंबील निवडत उभा. तेव्हापासून घराला ही घाण रीत लागली. कोणी शिंकलं की पेज शिजायची. पहिला घोट बुधाजीचा, मग सगळ्यांना त्याचं उष्टं. मिठागरात खारवलेलं रगत, त्याचं उष्टं म्हणजे औषध, असं तो म्हणायचा. नूतन तेव्हा महिनाभर खोकत होती. तर याने आळीभर सांगितलं की डोंगराकडची सून केली आणि आमच्या रगतात पाणी पडलं. तिने चव बघितलेली आमटी एकदा त्याने पाहुण्यांसमोर गटारात ओतली होती. यंदाचा ताप मात्र त्याने स्वतःच आणला, पुतण्याच्या हळदीत डीजेपुढे नाचून.

"पी गं," तो नातीला म्हणाला. "आजाचं रगत हाय तुझ्यात. आयशीचं ऐकशील तर तिच्यासारखी खोकत बसशील."

नूतनने नवऱ्याकडे बघितलं. अल्पेशने आपल्या डंपरच्या ड्रायव्हरला फोन लावल्याचं सोंग केलं. पोरगी प्याली.

आठवड्याच्या आत बुधाजी अलिबागच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. अल्पेश खोकून खोकून दुमडला. नूतनला नुसतं नाक गळालं. प्राप्तीला रात्रभर ताप चढला तेव्हा नूतन तिच्या छातीवर हात ठेवून बसली आणि त्या वाडग्याला शिव्या घालत राहिली. सकाळी पोरगी उठून भूक लागली म्हणाली.

घरात सगळ्यांना आला तो एकच फ्लू, मग असं कसं, हे नूतनने म्हाताऱ्याच्या खाटेपाशीच डॉक्टरला विचारलं. डॉक्टर मृणाल जवळच्याच थळ गावची, तिने मासळीच्याच भाषेत सांगितलं. विषाणू पेशीत शिरला की पेशी त्याचा एक तुकडा बाहेर टांगते. रक्तातल्या टी पेशी तो तुकडा ओळखतात आणि ती सडलेली पेशी मारून टाकतात. कोणाच्या पेशी त्या विषाणूची मुंडी टांगतात, कोणाच्या शेपटी. ते आईबापाकडून येतं. म्हाताऱ्याच्या टी पेशी इतकी वर्षं मुंडी ओळखून जिंकत होत्या. यंदाच्या विषाणूने मुंडीच बदलली असावी, शेपटी तीच ठेवली. आता त्या जुनी मुंडी शोधत बसल्या आहेत.

"तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही," मृणाल म्हणाली. "पण पोरीच्या पेशी शेपटी टांगत असतील, तर ते आईकडून आलं. आणि उष्ट्याने ताकद मिळत नाही, रोग मिळतो."

अल्पेश खाली बघत होता. बुधाजी डोळे मिटून पडला होता. मास्कमध्ये वाफ धरत होती आणि विरत होती.

म्हातारा जगला. घरी आला त्या दुपारी सगळी आळी ओटीवर जमली. श्वास पुरत नव्हता तरी याची जीभ चालूच. माझं उष्टं पोटात होतं म्हणून नात वाचली, घराण्याचं रगत कामाला आलं. बायका माना डोलवत होत्या. त्याने लेकाला विचारलं, खरं का न्हाय?

दवाखान्यात सगळं कानांनी ऐकलेला अल्पेश म्हणाला, "व्हय बाबा."

नूतनला म्हाताऱ्याच्या शेंबडाची आली नव्हती इतकी किळस त्या दोन शब्दांची आली.

माणसं गेली. अल्पेश त्यांना पोचवायला नाक्यापर्यंत गेला. प्राप्ती परसात खेळत होती. नूतनने गरम पेजेचा वाडगा म्हाताऱ्यापुढे आदळला आणि वळली.

"थांब," बुधाजी म्हणाला. त्याने दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग वाडगा हळूच तिच्याकडे सरकवला.

"आधी तू पी घोटभर. मग मला दे."

म्हणजे खाटेवर तो झोपलेला नव्हता. डॉक्टरचा शब्द न् शब्द त्याने ऐकला होता. त्यातलं उष्ट्याचं शेवटचं वाक्य सोडून.

नूतनने वाडगा उचलला, शेवटच्या शितापर्यंत पेज पिऊन टाकली आणि रिकामा वाडगा त्याच्यापुढे पालथा घातला.