हिरवा बावटा

"काकू, आली! आईची गाडी आली!" आयरिस कुंपणावर चढली, तशी हेस्टर लगबगीने तिच्यामागे येऊन उभी राहिली.

लंडनची भुयारी गाडी शहर संपलं की उजेडात येते आणि शेतं ओलांडत थेट या वेंडोव्हर गावात पोचते. युद्ध चालू होतं, लंडनवर पडणाऱ्या बॉम्बच्या भीतीने आयरिसला इथे हेस्टरकडे ठेवलं होतं. तिची आई त्याच गाडीवर गार्ड. रोज दुपारी ती शेवटच्या डब्यातून लेकीसाठी हिरवा बावटा हलवायची.

मागच्या आठवड्यात लंडनमध्ये आईच्या घरावर बॉम्ब पडला आणि ती गेली. पोरीला हे सांगायला हेस्टरची जीभ रेटेना. स्टेशनात जाऊन ती दुसऱ्या गार्डांच्या हातापाया पडली, "तुम्ही हलवा हो बावटा."

"बाई, हे सोंग किती दिवस?" एकाने विचारलं होतं. पण बावटा रोज हलत होता.

आज गाडीवर कुणी नवाच असला तर? त्याला कुणी सांगितलंच नसलं तर?

डबे एकेक करून पुढे सरकले. शेवटच्या डब्यातून एक उजवा हात बाहेर आला आणि बावटा हलला. हेस्टरच्या जिवात जीव आला. गाडी वळणाआड जाईपर्यंत आयरिस दोन्ही हात हलवत राहिली.

मग ती खाली उतरली आणि तिने हेस्टरचा हात घट्ट धरला.

"काकू, आई डावखुरी होती," ती हळूच म्हणाली. "पण आई गेल्याचं मला कळलंय हे कुणाला सांगू नका हं. नाहीतर सरकारी माणसं मला अनाथाश्रमात नेतील."