कण्हेरीचं फूल

इराच्या ओठांत गुलाबी पाकळी दिसली आणि शाल्मलीच्या हातातली झारी गळून पडली. चार वर्षांची भाची कण्हेरीखाली उभी राहून फूल चोखत होती. जास्वंदीचं फूल उपटून देठाकडचा मध कसा चोखायचा, हे सकाळी आत्यानेच तिला शिकवलं होतं. कण्हेरही तिनेच फांदी लावून वाढवली होती. त्या फुलांतलं विष हृदय बंद पाडू शकतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

शाल्मलीने बोट घालून पाकळी काढली, चूळ भरायला लावली. वहिनी रिक्षा आणायला धावली.

"किती गिळलंस, बाळा?"

"थुंकून टाकलं. कडू होतं."

"नक्की ना?"

"हो गं आत्या. मला नकोच ते. छोटूला दिलं एक."

इराचा धाकटा भाऊ छोटू ओटीवर पाळण्यात होता, हाती लागेल ते तोंडात घालण्याच्या वयाचा. शाल्मलीने एकेक बोट सोडवत त्याची मूठ उघडली. फुलाच्या पाचही पाकळ्या शाबूत होत्या. पण त्या लाळेने ओल्या होत्या.

"रिक्षा आली," वहिनी फाटकातून ओरडली. "इराला दे इकडे."

"दोघांनाही न्यायचंय, वहिनी," शाल्मली म्हणाली.