चेहऱ्याची कड

“आकांक्षाला बोलवा. ती सांगेल खरं काय ते,” हितेंद्र घाडी स्वतःच म्हणाले आणि चाळीच्या अंगणात जमलेल्या चाळीसेक माणसांनी माना वर केल्या.

आकांक्षा दुसऱ्या मजल्यावरून खाली आली. नववीतली मुलगी. हितेंद्र तिचे वडील; त्यांनीच तिच्या हातात मोबाइल दिला. हितेंद्र चाळ कमिटीचे सेक्रेटरी होते आणि सकाळपासून त्यांचाच व्हिडिओ लालबागभर फिरत होता. समोरच्या इमारतीतून कुणीतरी काढलेला. चाळीच्या गेटपाशी तीस वर्षं मासळी विकणारी मंजुळा कोळीण पाटी मांडून बसली आहे. एक माणूस तिला उठायला सांगतो. ती उठत नाही. तो तिचा हात पिरगळतो, तिला फुटपाथवर आपटतो आणि लाथेने पाटी उलटी करतो. त्या माणसाचा चेहरा हितेंद्रचा होता. हितेंद्र मात्र ठामपणे सांगत होते, की हे एआयने बनवलंय, चाळीचा पुनर्विकास ज्यांना नको आहे त्यांचं हे काम.

आकांक्षाच्या शब्दाला चाळीत वजन होतं. परळच्या तिच्या शाळेत मेघनाबाईंनी आठ शनिवार मुलांना अफवा, खोटे फोटो आणि खोटे व्हिडिओ ओळखायला शिकवलं होतं. आकांक्षा त्यात पहिली आली. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात मगर आल्याचा फोटो चाळीच्या ग्रुपवर आला, तेव्हा तो कुठल्या तरी परदेशातला असल्याचं तिनेच शोधून काढलं होतं. तेव्हापासून तिच्या धाकाने ग्रुपवर काहीबाही टाकणारी माणसं दोनदा विचार करायची.

तिने व्हिडिओ लावला. पहिल्यांदा शिकवल्याप्रमाणे बघत गेली. सावल्या बरोबर पडत होत्या. ओठ आणि आवाज जुळत होते. दुसऱ्यांदा तिला ते दिसलं. हात उचलण्याआधी त्या माणसाने मनगटावरचं घड्याळ काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिसा वरून एकदा थोपटला.

हे कुठल्याही मशीनला सुचलं नसतं. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक आकांक्षा, आणि दुसरी वर गॅलरीत कठडा धरून उभी असलेली तिची आई. आकांक्षाने वर पाहिलं. आई आत निघून गेली.

“नीट बघ हां बाळा,” हितेंद्र मायेने म्हणाले. “घाई नाही.”

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मंजुळा बसली होती. हात ओढणीने गळ्यात बांधलेला. आकांक्षाला मांदेली आवडतात म्हणून ती पाटीतली चांगली मांदेली बाजूला काढून ठेवायची. आता ती आकांक्षाकडे निवांतपणे बघत होती. पोरगी शिकलेली आहे, आता सगळं नीट होईल, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“खोटा आहे,” आकांक्षा म्हणाली.

नुसतं एवढं बोलून भागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि मेघनाबाई बोलायच्या तशा शांत आवाजात समजावून दिलं. मान वळते तिथे बघा, चेहऱ्याची कड किंचित हलते. धड दुसऱ्या कुणाचं तरी आहे, चेहरा वरून बसवलाय.

मोबाइल हातोहात फिरला. एकदा सांगितल्यावर सगळ्यांनाच कड हलताना दिसू लागली. मोतीबिंदूमुळे समोरचं माणूस न ओळखणाऱ्या लवूआजोबांनाही ती दिसली.

मग फार वेळ लागला नाही. मंजुळा आपला सुजलेला हात दाखवत राहिली; मोरीत पडली असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि ते इतरांनी उचललं. एवढ्या वर्षांत चाळीने हिला काय कमी केलं, म्हणून बायकाही तिच्यावर तुटून पडल्या. ज्याने व्हिडिओ काढला होता त्याने दुपारी तो काढून टाकला. मंजुळा पोलीस चौकीत गेली, पण व्हिडिओ खोटा निघाल्याची बातमी तिच्या आधी तिथे पोचली होती. संध्याकाळपर्यंत गेटजवळच्या तिच्या जागेवर कमिटीने सिमेंटच्या चार कुंड्या आणून ठेवल्या.

सोमवारी मेघनाबाईंनी आकांक्षाला वर्गासमोर उभं केलं. एका निरपराध माणसाची अब्रू आपल्या विद्यार्थिनीने वाचवली, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी व्हिडिओ बघितला नव्हता. त्यांचा आकांक्षावर विश्वास होता.

त्या आठवड्यात घरी आईवर कुणी हात उचलला नाही. आकांक्षाच्या पदरात तेवढंच पडलं.

शुक्रवारी शाळा सुटली तेव्हा मंजुळा गेटबाहेर उभी होती. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मासळीचा वास नाही, डोक्यात फूल नाही. आकांक्षा तिला चुकवून निघणार होती, पण मंजुळाने हाक मारली. रागाने नाही. तिने कुणाकडून तरी मोबाइल मागून आणला होता आणि त्यात तो व्हिडिओ होता.

“तुजा चुकला असंल गो,” ती म्हणाली. “लहान हाईस. परत एकदा बघ. तू बोललीस तर ऐकतील.”

आकांक्षाने मोबाइल घेतला. बसस्टॉपच्या सावलीत उभं राहून व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मंजुळा तिच्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टरकडे रिपोर्ट घेऊन गेलेलं माणूस बघतं तशी.

“मावशी, मी तेव्हाही नीट बघितलं होतं,” आकांक्षाने मोबाइल परत दिला. “खोटाच आहे.”

मंजुळाने वाद घातला नाही. चाळीतली सगळी माणसं तेच सांगत होती, चौकीतही तेच म्हणाले होते, आणि आता शिकलेल्या पोरीने दोनदा बघून सांगितलं होतं. तिने आपल्या प्लास्टरकडे बघितलं. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं,

“मग मना कोनी मारला गो, पोरी?”