डावखुऱ्याची बंदूक

अकोल्याच्या दुकानातली एकही नवी बंदूक कुर्बानच्या मनात भरली नाही. लढाईवरून परतलेल्या अब्बांना सरकारनं बक्षीस दिलेली जुनी रायफलच त्याला हवी होती. अब्बा डावखुरे होते. त्यांच्या गालानं दस्त्याची उजवी बाजू खळगा पडेपर्यंत झिजली होती.

"थे अजून त्यायचीच हाय. तू नोको हात लावू," अम्मीनं बजावलं. अब्बांना जाऊन वर्ष झालं होतं.

तरी तीच रायफल घेऊन तो तेल्हाऱ्याच्या शेतात राखणीला बसला. ज्वारी हलली. डुक्कर असणार! कुर्बान उजवा; त्यानं डावीकडून दस्त्याला गाल लावला. पलीकडच्या खळग्यातून कुणाची तरी दाढी त्याच्या नाकाला घासली.

"भाकर आनली जी!" ज्वारीतून त्याची बायको नसीमबानो बाहेर आली.

कुर्बाननं चापावरचं बोट झटकन काढलं.

चाप मात्र मागं सरकतच राहिला.