मान खाली

"बाबा, डोकं खाली!"

कानाएनं बापाची मान धरून परत उशीच्या भोकात दाबली. तोंडात शिवी आली होती, ती गिळली.

सकाळीच डॉक्टरांनी बापाच्या, म्हणजे तात्सुमीच्या, उजव्या डोळ्यात सुईनं जिवंत पेशी सोडल्या होत्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या. बुबुळावरच्या काचेला त्या आतून चिकटल्या, तर धुकं जाणार आणि म्हातारा परत किमोनोच्या रेशमावर बारीक रेघ ओढणार. अट एकच. तीन तास पालथं पडून राहायचं. डोकं उचललं की पेशी घसरल्या, खेळ खलास.

सगळं नीट चाललं होतं. मग दार सरकलं आणि उरागामी उस्ताद आत आले. नव्वदीचे, हातात काठी, काखेत अंजिरांची पेटी. तात्सुमीला कुंचला धरायला यांनीच शिकवलेलं.

"कसा आहेस रे, तात्सुमी?"

आवाज ऐकला मात्र, बापाची कोपरं गादीत रुतली. अंग वर यायला लागलं.

"उस्ताद! एवढ्या लांब कशाला आलात? थांबा, उठतो."

"उठायचं नाही!" कानाए ओरडली.

"उस्ताद उभे, आणि मी त्यांच्याकडे ढुंगण करून लोळू?"

"लोळा! डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्या डॉक्टरला घरी काही शिकवलं नाही वाटतं."

उस्ताद कंबरेत वाकले. "राहू दे रे. मीच भलत्या वेळी आलो. माफ कर."

माफी ऐकून बाप आणखीच पिसाळला. उस्तादांनी माफी मागायची आणि आपण पडल्या पडल्या ऐकायची? त्यानं मान उचलली. कानाएनं दाबली. ते बघून ओशाळलेले उस्ताद पुन्हा वाकले, पुन्हा माफी मागितली. बापानं पुन्हा मान उचलली.

"आजोबा, तुम्ही माफी मागू नका हो! तुम्ही मागितली की हे उठतात!"

"अगं, चूक माझी आहे ना पोरी?"

ती पेटी उचलून खिडकीबाहेर भिरकावावी, असं कानाएला वाटलं. नंबर लागायची एवढी वाट पाहिली, आणि आता हे दोघं मानपानापायी डोळा घालवणार. तिचे हात भरून आले होते. तळव्याखाली बापाची मान वर येतच होती.

"उस्ताद, सांगा हिला. एकदाच उठतो, एकच नमस्कार करतो. मग मरेपर्यंत पडून राहतो."

उस्तादांनी काठी भिंतीला टेकवली. पलंगाचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ते वाकले, मघापेक्षा कितीतरी खाली, कपाळ दांड्याला लागेपर्यंत.

"तात्सुमी, मी तुला नमस्कार घालतोय. माझी मान वर व्हायच्या आधी तुझी झाली, तर बघ."

बाप होता तिथंच थिजला. कोपरं ढिली पडली. तोंड उशीत गेलं.

कानाएनं हात काढला. घड्याळाकडे बघितलं. अजून निम्मा वेळ बाकी होता. उस्ताद वर येईनात. आता ओरडायचं कुणावर, हेच तिला कळेना. तिनं खुर्ची ओढली.

"आजोबा, बसा. पुरे झालं."

"खुर्ची वाजवू नको," उस्ताद वाकल्या वाकल्या पुटपुटले. "त्याला वाटेल, मी उठलो."