पाण्याचं माप

पाहुणे डाळिंबाची बाग बघायला गेले आणि बैठकीत गेणूतात्यांसमोर पाण्याचे पेले तसेच राहिले. कुणी एखादा घोट घेतला होता, कुणी नुसता ओठ लावला होता. हल्लीचे पाहुणे आपली बाटली गाडीतच घेऊन फिरतात. यजमानाचं पाणी मानापुरतं.

तात्यांनी दाराकडे पाहिलं. सून सुकन्या आत पोहे परतत होती. मुलगा दादासो पाहुण्यांबरोबर मळ्यात होता. नात, जिला बघायला हे लोक आले होते, ती आतल्या खोलीत होती.

घरात पाण्याला तोटा नव्हता. तात्यांच्या किडन्या थकल्या होत्या. बारामतीच्या डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर ठरवून दिलं होतं, चहा-आमटी धरून. सुकन्या रोज सकाळी एक बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवी. ती संपली की उरलेला दिवस वेलदोडा चघळत काढायचा. तात्यांना वाईट वाटू नये म्हणून ती त्यांच्यासमोर स्वतःही पाणी पीत नसे. गावात मात्र गुडघ्याचं औषध चालू आहे, असं सांगितलं होतं. किडनीचं नाव निघालं की लोक विचारतात, घराण्यातच आहे का? मग ठरत आलेली सोयरीक मोडते. ही सोयरीक तर ठरल्यातच जमा होती.

आज बाटली दुपारीच संपली होती.

त्यात मघाशी बघायला आलेला मुलगा ऐटीत म्हणाला होता, "मी दिवसाला चार लिटर पितो. जिमवाल्यानं सांगितलंय." सगळ्यांनी कौतुकानं माना हलवल्या. तात्यांनी आवंढा गिळला, तोही कोरडाच.

त्यांनी जवळचा पेला उचलला. नुसती जीभ ओली करायची, असं मनाशी ठरवलं. पण तहानलेल्या माणसाचं ठरवणं ते किती? पेला रिकामा झाला. दुसरा उचलला. त्याच्या काठाला कुणाच्या तरी लिपस्टिकचा ठसा होता. जन्मात कुणाच्या उष्ट्याला न शिवलेल्या माणसानं तो अंगठ्यानं पुसला आणि पेला तोंडाला लावला.

"आवं पाव्हणं?"

दारात मुलाची आजी उभी होती, लोणी भापकरची गोजरबाई. चिखलाची वाट बघून ती अर्ध्यातनंच परतली होती.

पाणी धोतरावर सांडलं. चोरून साखर खाताना सापडलेल्या पोरासारखं तात्यांचं तोंड झालं.

"आमचं उष्टं का पिताय?" गोजरबाईनं हळू आवाजात विचारलं. "घरात कुणी पाणी देत न्हाय व्हय?"

"तसं न्हाय..."

"सून?"

खरं ते सांगायला एक शब्द पुरला असता. तो जिभेवर आलाही. तेवढ्यात आतल्या खोलीत नातीच्या बांगड्या वाजल्या आणि तो शब्द तात्यांनी गिळला. आपलाच पेला वाटला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते सुचलं नंतर. शरमेनं तोंडातून निघालं ते भलतंच.

"ती... कामात असती दिवसभर."

गोजरबाई पदर सावरून समोर बसली. तात्यांना वर बघवेना.

मंडळी मळ्यातून आली. सुकन्या पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

"पव्हं मागनं दे, बाई," गोजरबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "आदी सासऱ्याला पाणी दे. आमचं उष्टं पीत हुतं ते."

दादासोनं बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. सुकन्यानंही तात्यांकडे एकदा पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. सांगू का, एवढंच ती विचारत होती. तात्यांनी मान खाली घातली.

"चुकलं माझं," सुकन्या म्हणाली. "कामाच्या नादात ध्यानातच आलं न्हाय."

"मानसानं किती पाणी प्यावं, ह्याला का माप असतंय? म्हाताऱ्या मानसाला मागायच्या आदी द्यावं."

"व्हय."

तिनं काठोकाठ भरलेला तांब्या आणला. तात्यांच्या हातात देताना तिची बोटं पटकन सुटली नाहीत. रात्री पाय सुजणार, दम लागणार, गाडी काढून बारामती गाठावी लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सावकाश प्या, तात्या," ती पुटपुटली.

"पोटभर प्या," गोजरबाई म्हणाली. "भ्यायचं न्हाय. आमी हाय हितं."

तात्यांनी तांब्या तोंडाला लावला. असा भरला तांब्या गेले कित्येक दिवस त्यांच्या स्वप्नात येत होता. आता घोट घशाखाली उतरत नव्हता. तरी ते पीत राहिले. पीत होते तोवर बोलावं लागत नव्हतं.

गोजरबाई आपल्या सुनेकडे वळली. "पोरगी गुणाची हाय. आपल्याला पसंत हाय. फकस्त आईच्या वळणावर जाऊ नये, म्हंजे झालं."

सगळे हसले. सुकन्याही हसली आणि बशा पुढं करू लागली.

तांब्या केव्हाच रिकामा झाला होता. तात्यांनी तो तोंडावरून खाली घेतला नाही.